बंद कारखान्यांच्या शहरातली तरुण मुलं आणि डॉक्युफिक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औद्योगिक शहराला उतरती कळा लागलेली, त्यात वाढलेली विशीतली मुलं, आणि त्यांच्यावरचा धड माहितीपटही नाही, धड कथापटही नाही असा चित्रपट. असा चित्रपट संपून दिवे लागले की जे प्रश्न येतात, ते बहुतेक ठरलेले असतात. काही प्रश्न प्रेक्षकांचे, काही असा चित्रपट स्वतः करू पाहणाऱ्यांचे. दोन्ही इथे एकत्रच घेतले आहेत.

डॉक्युफिक्शन म्हणजे नेमकं काय?

खरी जागा, खरी माणसं आणि त्यांच्याकडूनच घडवून घेतलेली गोष्ट. माहितीपटात कॅमेरा घडणाऱ्या गोष्टीच्या मागे धावतो. कथापटात गोष्ट आधी लिहिली जाते, मग तिच्यासाठी माणसं शोधतात. इथे माणूस आपल्या जागेवरच असतो, आपल्या घरात, आपल्या मित्रांत, आणि दिग्दर्शक त्याला एक प्रसंग देतो : 'तुझ्या भावाने शहर सोडायचं ठरवलंय, आज रात्री तो तुला सांगणार आहे.' भाऊ खरा, घर खरं, शहर सोडायचा विचारही बहुधा खराच. आजची रात्र तेवढी दिग्दर्शकाची.

म्हणजे डॉक्युड्रामाच ना?

नाही. डॉक्युड्रामात घडून गेलेली घटना, म्हणजे एखादा खटला, अपघात किंवा संप, नटांकडून पुन्हा करवून घेतात. तिथे घटना खरी आणि माणसं उसनी असतात. इथे बरोबर उलटं. मॉक्युमेंटरी आणखी निराळी : तिथे सगळंच बनावट असतं, माहितीपटाचा फक्त वेश घेतलेला असतो, तोही बहुतेकदा हसवण्यासाठी.

हा प्रकार नवा आहे का?

मुळीच नाही. माहितीपटाची सुरुवात ज्या चित्रपटापासून धरतात, त्या रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'नॅनूक ऑफ द नॉर्थ'मध्ये (१९२२, कॅनडाच्या उत्तरेतल्या इन्युइट लोकांवर) नॅनूक हे नायकाचं खरं नाव नव्हतं, पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती, आणि आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर एका बाजूने उघडं बांधलं होतं. हातात बंदुका आलेल्या लोकांना त्याने जुन्या पद्धतीने, भाल्याने शिकार करायला लावलं. चार वर्षांनी त्याच्याच 'मोआना' या चित्रपटाबद्दल लिहिताना समीक्षक जॉन ग्रिअर्सनने 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि तो रुळला. थोडक्यात, नाव पडण्याआधीपासूनच माहितीपटात रचना होती. पुढे फक्त ती कबूल करण्याची पद्धत बदलत गेली.

कारखाना बंद पडलेल्या शहरासाठी हाच प्रकार का निवडतात? सरळ मुलाखती का घेत नाहीत?

आईवडिलांच्या पिढीचं काम मुलाखतीत भागतं. त्यांच्याकडे तारीख असते. अमेरिकेतल्या यंगस्टाउन या पोलाद-शहरात १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, कॅम्बेल वर्क्स बंद होणार हे जाहीर झालं आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तिथल्या माणसाला त्या दिवसाबद्दल विचारलं तर तो कुठे उभा होता, कोण काय म्हणालं, घरी जाऊन कसं सांगितलं, हे सगळं सांगू शकतो. गोष्ट त्याच्याकडे तयारच असते.

कारखान्याला टाळं लागल्यावर पंधरा वर्षांनी जन्मलेल्या मुलीकडे असा दिवस नसतो. तिने भोंगा ऐकलेला नसतो. तिच्या वाट्याला आलेला असतो तो एक रिकामा भूखंड, तुकड्यातुकड्यांची कंत्राटी कामं, घरातल्यांचं 'आमच्या वेळी' आणि दरवर्षी एकेक करून निघून जाणारा मित्रांचा घोळका. ही घटना नाही, ही स्थिती आहे. तिला 'कसं वाटतं?' असं विचारलं की ती खांदे उडवून 'ठीक आहे' म्हणते, आणि त्यात खोटं काहीच नसतं. जे घडलंच नाही त्याची मुलाखत कशी घेणार?

यावर एक उपाय म्हणजे वाट बघणं. वांग बिंगने चीनमधल्या शेनयांग शहराच्या तिएशी या कारखान्यांच्या भागात १९९९ ते २००१ चित्रीकरण केलं आणि नऊ तासांहून मोठा माहितीपट केला. त्याचा मधला भाग कामगार वस्तीतल्या मुलामुलींवर आहे. ती हिंडतात, चिडवाचिडवी करतात, थंडीत उभी राहतात, आणि घरं पाडायची नोटीस लागलेली असते. रचलेलं काही नाही. पण एवढा वेळ, एवढा धीर आणि नऊ तास बसणारा प्रेक्षक प्रत्येकाला मिळत नाही. डॉक्युफिक्शन ही आडवाट आहे : न घडलेला दिवस घडवायचा आणि माणसं त्यात कशी वागतात ते बघायचं.

रचलेल्या प्रसंगात माणूस जास्त खरं बोलतो, असं म्हणतात. ते पटण्यासारखं आहे का?

नेहमी नाही. पण फ्रेंच दिग्दर्शक झां रूशच्या 'म्वा, अं न्वार'मध्ये (१९५८) ते होताना दिसतं. हे शहर उतरणीला लागलेलं नव्हतं, उलट वाढत होतं : आयव्हरी कोस्टमधलं आबिजान, त्यातली त्रेशव्हिल ही वस्ती, आणि तिथे पोटासाठी नायजरहून आलेली तरुण मुलं. पण रोज सकाळी काम मिळेल की नाही या विवंचनेचं चित्र म्हणून ते आजही ताजं वाटतं. रूशचा कॅमेरा चावीचा होता, एका वेळी जेमतेम अर्धा मिनिट चालायचा आणि सोबत आवाज टिपता येत नव्हता. त्यामुळे चित्रीकरण मुकं झालं. नंतर पडद्यावर स्वतःलाच बघत त्या मुलांनी मनाला येईल ते बोलणं भरलं. आणि त्यांनी स्वतःला नावं दिली ती सिनेमातल्या हिरोंची! गोदीत हमाली करणारा उमारू गांडा झाला 'एडवर्ड जी. रॉबिन्सन', म्हणजे हॉलिवुडचा नट.

शेवटाकडे हा रॉबिन्सन मित्राबरोबर पाण्याच्या कडेने चालत असतो. चालता चालता तो इंडोचायनाच्या, म्हणजे फ्रान्सने व्हिएतनामच्या बाजूला लढलेल्या युद्धात आपण काय पाहिलं ते सांगायला लागतो. नुसतं सांगत नाही, वाकतो, लोळतो, हातात नसलेला हातगोळा फेकून दाखवतो. गांडा खरंच त्या युद्धात सैनिक होता. समोर खुर्ची ठेवून विचारलं असतं तर हे असं आलं असतं का? मला शंका आहे. उसन्या नावाच्या आडोशाला उभं राहून तो स्वतःबद्दल बोलला.

या गोष्टीला पुढचा भाग आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. गांडाला रूशने रंगवलेलं चित्र पूर्णपणे मान्य नव्हतं. तो स्वतः दिग्दर्शक झाला आणि १९६९ मध्ये 'काबास्काबो' केला, इंडोचायनाहून परतलेल्या सैनिकावरच, आपल्या नजरेतून. मला विचाराल तर या प्रकारचा सगळा प्रश्न इथे आहे. अमुक प्रसंग खरा की खोटा, यापेक्षा तो रचला कुणी, हे विचारावं.

पण प्रेक्षक म्हणून खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं, हे ओळखायचं कसं?

बऱ्याचदा ओळखता येत नाही, आणि चांगला दिग्दर्शक त्या न कळण्याचाही उपयोग करतो. चिनी दिग्दर्शक जिया झांगके याचा '२४ सिटी' (२००८) घ्या. छंदू शहरात विमानांची इंजिनं बनवणारा '४२०' क्रमांकाचा सरकारी कारखाना होता. जमीन विकली गेली, तिथे उंच इमारती येणार. जियाने तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या मध्येमध्ये चार व्यावसायिक नट बसवले. ते तशाच खुर्चीत, तशाच प्रकाशात, तशाच संथपणे बोलतात.

त्यातली एक नटी आहे जोन चेन. ती ज्या कामगार बाईची भूमिका करते, तिला कारखान्यात सगळे 'लहान फूल' म्हणायचे. का, तर त्या नावाच्या जुन्या चित्रपटातल्या नायिकेसारखी ती दिसायची. आणि त्या चित्रपटाची नायिका होती जोन चेनच. म्हणजे नटी कामगार होऊन सांगते की लोक मला त्या नटीसारखी म्हणत. चीनमधला प्रेक्षक इथे गालात हसतो, कारण आपल्याला फसवत नाहीयेत, डोळा मारतायत, हे त्याला कळलेलं असतं.

शेवटची मुलाखत तरुण मुलीची आहे, तीही नटीच, झाओ ताओ. श्रीमंत बायकांसाठी खरेदी करून आणणं हा तिचा धंदा. आईच्या कारखान्यात ती एकदा गेली तेव्हाचं ती सांगते : सगळ्यांचे कपडे सारखे, सगळ्यांच्या माना खाली, आपली आई यातली कोणती तेच तिला कळेना. हे कुणा एका मुलीच्या तोंडचं वाक्य आहे की अनेकींच्या बोलण्याचा अर्क, याचा पत्ता चित्रपट देत नाही. मला तरी ते खटकत नाही. श्रेयनामावलीत नटांची नावं आहेत, लपवाछपवी नाही.

मग पटकथा असते की नाही?

असते, पण संवाद नसतात. मॅट पोर्टरफिल्डचा अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला 'पुटी हिल' (२०१०) मोजक्या पानांच्या आराखड्यावर उभा आहे : एक तरुण अमली पदार्थांपायी गेलाय, त्याच्या अंत्यविधीसाठी मित्र आणि नातेवाईक जमतायत. मधूनच कॅमेऱ्यामागून एक आवाज पात्रांना प्रश्न विचारतो आणि ती उत्तरं देतात. मेलेला मुलगा काल्पनिक आहे. पण ओळखीचं कुणी असं जाणं ही त्या मुलांसाठी कल्पना नव्हती, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतीने १९४८ सालीच 'ला तेर्रा त्रेमा'त सिसिलीच्या मच्छीमारांना प्रसंग समजावून 'हे तुम्ही कसं म्हणाल?' असं विचारत संवाद घडवले. बोली इतकी अस्सल की बाकीच्या इटलीला ती कळेना. आजही हीच युक्ती सगळ्यात चांगली चालते. लिहून दिलेलं वाक्य बावीस वर्षांचा मुलगा शाळेतल्या कवितेसारखं म्हणतो.

सगळे चित्रपट फुटक्या काचा आणि गंजलेली धुराडीच का दाखवतात?

कारण ती देखणी दिसतात आणि पळून जात नाहीत. अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटार-शहराच्या पडक्या इमारतींची इतकी छायाचित्रं निघाली की त्या प्रकाराला लोक 'रुइन पॉर्न' म्हणायला लागले. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते, २०२० मध्ये सुमारे सहा लाख चाळीस हजार. घट भयंकर आहे हे खरंच, पण सहा लाख चाळीस हजार माणसं म्हणजे ओसाड गाव नव्हे. ती कुठेतरी भाजी घेतात, भांडतात, लग्नं लावतात. पडकी भिंत जरूर दाखवा, पण तिथे राहणाऱ्या मुलीच्या लेखी ती भिंत म्हणजे बसथांब्याच्या मागची भिंत असते. ती मुलगीही भिंतीकडे बघत नाही, फोनमध्ये बघते.

हे चित्रपट इतके उदास का असतात?

वाईट असतील तर. अशा शहरातल्या पोरांना टवाळी उत्तम येते. ती संकलनात कापली जाते, कारण विषय 'गंभीर' आहे असं कुणीतरी ठरवलेलं असतं.

चेहरा दाखवायला कुणी तयार नसेल तर?

क्लिओ बर्नार्डने 'द आर्बर'मध्ये (२०१०) एक वेगळाच मार्ग काढला. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या वस्तीत वाढलेली नाटककार अँड्रिया डनबर आणि तिची मुलं हा विषय. घरातल्या खऱ्या माणसांच्या मुलाखतींचा फक्त आवाज घेतला आणि पडद्यावर नटांनी त्या आवाजाबरोबर ओठ हलवले. अडखळणं, श्वास, मध्येच थांबणं, सगळं मूळ माणसाचं. बघताना सुरुवातीला विचित्र वाटतं. मग आपण जास्त लक्ष देऊन ऐकायला लागतो. मात्र आवाजावरूनही ओळख पटते हे विसरू नये. लहान शहरात तर पहिल्याच वाक्याला.

काम करणाऱ्या मुलांना पैसे द्यावेत का?

हो. माहितीपटवाले इथे बिचकतात. पैसे दिले तर माणूस आपल्याला हवं ते बोलेल, अशी त्यांची भीती. ती पत्रकारितेच्या मुलाखतीपुरती समजण्यासारखी आहे. पण इथे तुम्ही त्याला पाच वेळा तोच जिना चढायला लावताय. ते काम आहे आणि कामाचं मानधन रोजच्या हिशेबाने, आधी ठरवून द्यायला हवं. बेकार मुलांना फुकट राबवून बेकारीवर चित्रपट काढणाऱ्याने मालकवर्गावर टीका करू नये.

संमतिपत्रावर सही घेतली की झालं ना?

कायद्याने झालं असेल. पण एकोणिसाव्या वर्षी मित्रांसमोर केलेली सही तेविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीला जाताना, वेगळी वाटते. चित्रीकरणाआधी एकदा, कच्चं संकलन दाखवून दुसऱ्यांदा आणि इंटरनेटवर टाकण्याआधी तिसऱ्यांदा विचारावं. चित्रपटगृहातलं दिसणं आणि फोनवर कायमचं सापडत राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नशा, कर्ज, घरातली मारहाण हे विषय असतील तर तो प्रसंग दुसऱ्या पात्राला देता येतो. डॉक्युफिक्शनचा हा मोठा फायदा आहे आणि तो फार कमी जण घेतात.

काम केलेल्यांनाच चित्रपट दाखवून काय होतं, हे बघायचं असेल तर रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांचा 'क्रॉनिक द्यून एते' (१९६१) बघा. पॅरिसमधल्या लोकांना 'तुम्ही सुखी आहात का?' विचारत फिरलेला हा चित्रपट शेवटी त्याच लोकांना दाखवला जातो. कुणी म्हणतं खोटं वाटतं, कुणी म्हणतं इतकं उघडं बोलणं बरं नव्हे. ती बाचाबाचीही त्यांनी चित्रपटात ठेवली.

रचलेलं आहे हे प्रेक्षकांना सांगायलाच हवं का?

सांगावं, निदान श्रेयनामावलीत. २०२० मध्ये रॉस बंधूंचा 'ब्लडी नोज, एम्प्टी पॉकेट्स' सनडान्स महोत्सवात माहितीपटांच्या स्पर्धेत होता. लास व्हेगसमधल्या एका बारची शेवटची रात्र, असं त्याचं रूप. प्रत्यक्षात बार न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला, तो बंद पडत नव्हता आणि गिऱ्हाईकं निवडून आणलेली होती. दारू आणि गप्पा मात्र खऱ्या. काहींना फसवल्यासारखं वाटलं, काहींना फरक पडला नाही. मला चित्रपट आवडला. पण ज्या शहरातली माणसं आधीच आश्वासनांना विटलेली आहेत, तिथे चित्रपट करताना मी हा खेळ खेळणार नाही.

पैसा कोण लावतं, याने फरक पडतो?

पडतो. '२४ सिटी'च्याच निर्मितीत त्या जागेवर इमारती बांधणाऱ्या कंपनीचा वाटा होता. तरीही तो जाहिरात झाला नाही, हे जियाचं कसब. पण ही गोष्ट माहीत झाल्यावर त्यातली शांतता थोडी निराळी ऐकू येते.

अशा चित्रपटाने काही बदलतं का?

इथे नेहमी 'रोझेटा'चं उदाहरण देतात. दार्देन बंधूंचा हा चित्रपट (१९९९) बेल्जियममधल्या सरँग या पोलाद-गावात घडतो. नोकरीसाठी जिवावर उदार झालेली मुलगी, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, आणि मग तिच्याच नावाने ओळखली गेलेली तरुणांच्या रोजगाराची सरकारी योजना. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना ठराविक प्रमाणात तरुण घ्यावे लागले. ऐकायला छान आहे. पण कायद्याची तयारी आधीच चालू होती, हे दिग्दर्शकांनीच सांगितलं आहे. चित्रपटाने नाव दिलं. शिवाय तो डॉक्युफिक्शन नव्हे, सरळ कथापट आहे. त्याआधी या भावांनी त्याच भागात वर्षानुवर्षं माहितीपट केले होते, हे मात्र विसरू नये. जे बदलताना दिसतं ते छोटं असतं : काम केलेल्यांपैकी एखादा पुढे स्वतः कॅमेरा हातात घेतो, गांडासारखा.

मला असा चित्रपट करायचाय. सुरुवात कुठून करू?

कॅमेरा घरी ठेवून. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या अँबर या चित्रपट-गटाने किनाऱ्यावर वाहून येणारा कोळसा गोळा करणाऱ्यांवर 'सीकोल' (१९८५) केला, तेव्हा त्यांनी त्या तळावर आपला कॅरॅव्हॅन (राहायची गाडी) आणून ठेवला आणि तिथेच मुक्काम केला. एवढं जमलं नाही तरी मुलं संध्याकाळी कुठे उभी राहतात, कुणाची पाळी कधी सुटते, बस किती वाजता बंद होते, हे पाठ असलं पाहिजे. वेळापत्रक त्यांच्या पाळीप्रमाणे आखा. तुमच्या चित्रीकरणापायी कुणाचा रोज बुडता कामा नये.

बंद कारखान्याला मालक असतो. कुंपणाला भोक आहे म्हणून परवानगी आहे असं नव्हे. आत जुन्या छपरांत अॅस्बेस्टॉस असतं, लाकडी तक्तपोशी कुजलेली असते, झाकणं चोरीला गेलेले खड्डे असतात. मुलं लहानपणापासून तिथे जातात आणि 'काही होत नाही' म्हणतात. ऐकू नका. परवानगी मिळत नसेल तर रस्त्यावरून घ्या.

आवाजाचा माणूस पहिल्या दिवसापासून हवा. अशा शहरांचा आवाज चित्रापेक्षा जास्त बोलतो, आणि तरुणांचं बोलणं तोंडातल्या तोंडात असतं. खोलीत फोनवर गाणं वाजत असेल तर गोड बोलून बंद करायला लावा, नाहीतर त्याच्या हक्कांचे पैसे सगळ्या चित्रपटापेक्षा जास्त होतील, शिवाय मागचं गाणं तुटेल म्हणून संकलनात वाक्य तोडता येणार नाही. गाणं नंतर घालता येतं.

महोत्सवाला कोणत्या विभागात पाठवावा?

माहितीपट आणि कथापट या दोन्ही विभागांचे नियम नीट वाचा आणि आयोजकांना आधी पत्र लिहून विचारा. किती प्रसंग रचलेले आहेत हे त्या पत्रातच लिहा. काही महोत्सव असा भेद करतच नाहीत, तिथे आधी पाठवा. आणि पहिला खेळ शक्यतो त्याच शहरात करा, काम केलेल्या मुलांच्या सुट्टीच्या दिवशी.